बफ मारलेलं लोखंड

हिंगण्याच्या शेडमध्ये मी सहा सापळे केले.
जबड्यांना रबर,
पाय धरावा पण हाड मोडू नये म्हणून.
उईके मॅडमचं माप कागदावर, शिक्क्यासकट:
लांडगा धरायचा, गळ्यात पट्टा घालायचा, सोडून द्यायचा.
लोखंड लोहाओळीतलं, कमानी माझ्या हातच्या.
शेवटी बफ मारला.
जबड्यात माझी मिशी दिसत होती.

सुरपालबाबानं एकही उचलला नाही.
लांबूनच नाक आक्रसलं.
"मिस्त्री, हे तं बोंबलते.
दोन कोसावरून आयकू जाईन त्याले."
काय ऐकू जाईल?
"तुयं तेल. तुया खर्रा.
तुया बायकोनं काल कायची फोडणी देल्ली, थेही."

मग मी केलेलं सगळं
उलटं करायला बसलो.

आधी राखेच्या पाण्यात उकळी.
वर मोरपंखी तवंग आला.
बाबा काडीनं दाखवत म्हणाला,
"हा पाय. हा तू हायेस."
मी तो वाटीनं काढून काढून
भिंतीपलीकडे फेकत राहिलो.

मग गंज हवा होता.
तीस वर्षं ज्याच्याशी भांडलो
त्यालाच आवतण,
आणि नवतपा चालू.
ओला बनियन दहा मिनिटांत पापड होतो,
लोखंडाला काय घाम फुटणार?
मी सापळे कूलरसमोर टांगले. तीन दिवस.
काय सुरेख तांबूस धरला,
पातळ, एकसारखा.
बाबानं हुंगला.
"खस," म्हणाला. बस्स.
पुन्हा राख. पुन्हा उकळी.
या वेळी नुसतं ओलं पोतं,
मागच्या लिंबाखाली, रात्री.

बाभळीची साल, चार मुठी हिरडा,
ड्रम झाकून मंद जाळ.
पहाटे बाहेर काढले ते काळे,
पण केसांच्या कलपासारखे नव्हेत,
आडाच्या तळासारखे.
मिशी कुठेच नाही.

शेवटी मेण.
सापळा मेणाइतका तापेस्तोवर काढायचा नाही,
नाहीतर पापुद्रे सुटतात.
हे मात्र मला कुणी सांगायला नको होतं,
पण बाबानं सांगितलं
आणि मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान हलवली.

बापानं शिकवलं का हे, मी विचारलं.
"बाप फासेवाला. तातीचे फास.
लोखंड आमच्याकडं पोलिसासंगंच ये,
दोन कड्यायचं."
मग शिकलात कुठं?
"लांडग्यापाशी.
कायले नाई म्हनते, थे पायत बसलो."

त्या दिवशी हातमोजे बकऱ्यांच्या लेंड्यांत मळलेले,
अंगभर बाभळीचा धूर, खर्रा चार दिवस बंद.
गेटपाशी आलो तर शेडचा भुऱ्या,
आठ वर्षं माझ्या डब्यातली पोळी खाणारा,
उठला, जवळ आला, हुंगलं,
आणि मागे सरकून भुंकायला लागला.
मी नाव घेतलं. आवाज ओळखला त्यानं.
तरी शेपूट हलली नाही.

पाच गेले उमरेडकडच्या माळावर.
सहावा राहिला,
बंद करताना कपाळाचा एक थेंब त्यावर पडला होता.
बाबानं काही न बोलता तो बाजूला ठेवला.

नऊ दिवसांनी मॅडमचा फोन:
मादी. पुढचा डावा पाय. अकरा मिनिटं.
पायाला लागलं का?
नाही.
अजून काहीतरी विचारायचं होतं, सुचलं नाही.

सापळे परत आले, मातीसकट.
एका जबड्यावर, रबराच्या वर,
मेणात चार खाचा, तिरक्या,
आणि चौथीत खाली लोखंड दिसतंय,
तिथं तेवढं चकाकतंय.

पुढच्या खेपेसाठी पुन्हा उकळून ठेवा, मॅडम म्हणाल्या.
ड्रम चढवला. पाणी तापलं. पाचही सोडले.
मेण सुटून वर यायला लागलं.
त्यात आता तिचा वास असणार.
मी वाकून नाक लावलं.
मला आपली राखच आली.